सापाचे डोळे दुधाळ होतात तेव्हा

मागच्या फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलीने आजीला आमची केशर दाखवली. केशर म्हणजे कॉर्न स्नेक जातीची मादी. वय चार वर्षं, लांबी सव्वा मीटरच्या आसपास, केशरी अंगावर तांबडे पट्टे. त्या दिवशी मात्र ती केशरी दिसत नव्हती. राखेत लोळून आल्यासारखा रंग, आणि दोन्ही डोळ्यांवर निळसर दुधाची साय धरलेली. मुलगी रडवेली झाली होती. "आजी, ही आंधळी झाली का गं?"

आईचं सगळं आयुष्य कऱ्हाडजवळच्या खेड्यात, शेतावर गेलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "कात आलीय तिला. आठ दिवस तिच्या वाटेला जाऊ नका, होईल सगळं नीट."

आईचं बरोबर होतं. आठाच्या जागी अकरा दिवस लागले, एवढंच.

आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. इकडे घरात साप पाळणं कायदेशीर आहे आणि तितकंसं नवलाचंही नाही. ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी साप आले, आणि त्यांचे प्रश्न माझ्याकडे यायला लागले. साप खात नाही. लपून बसलाय, बाहेरच येत नाही. एरवी गरीब आहे, काल फुसकारला. रात्रभर पेटीत येरझाऱ्या घालतोय. आजारी आहे का? प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण बऱ्याचदा सगळ्यांच्या मुळाशी कातच असते. फक्त कातीच्या कोणत्या टप्प्यावर साप आहे, त्याप्रमाणे त्याचं वागणं बदलतं. त्यामुळे आधी कातडीखाली काय चाललेलं असतं ते समजून घेऊ.

आपलीही कातडी झिजते, पण ती रोज, कणाकणाने. सापाचं तसं नसतं. त्याच्या खवल्यांचा वरचा थर केराटिनचा, म्हणजे आपली नखं ज्या जातीच्या द्रव्याची असतात त्याचा. हा थर मेलेला आणि सलग असतो. तो अंगाबरोबर वाढत नाही आणि घासला, फाटला तर सांधला जात नाही. म्हणून सापाचं शरीर ठरावीक काळाने त्याच्याखाली दुसरा संपूर्ण थर तयार करतं, आणि तो तयार झाला की वरचा एका झटक्यात उतरवून टाकतं. एका कातीपासून दुसरीपर्यंत कातडी बराच काळ नुसती स्वस्थ असते. मग तळातल्या जिवंत पेशी एकदम कामाला लागतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवं आवरण पुरं करतात. या दिवसांत सापाच्या अंगावर दोन कातड्या असतात, एकीच्या आत एक.

नवं आवरण पुरं झालं की दोन्हींच्या मधला थर सुटायला लागतो आणि तिथे पातळ द्रव झिरपतो. अंगाचा रंग मळकट आणि डोळे दुधाळ दिसतात ते यामुळे. सापाचे रंग बहुतांश खालच्या कातडीत असतात. मध्ये हा धुरकट पडदा आला की ते झाकले जातात. उतरलेली कात जवळजवळ रंगहीन का असते, हेही यातून कळतं. केशरची कात उजेडाकडे धरली की पट्ट्यांच्या जागी जेमतेम करड्या सावल्या दिसतात. केशरी रंगाचा मागमूसही नसतो.

साप फक्त वाढीसाठी कात टाकतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पिल्लं भराभर वाढतात, त्यामुळे चार-सहा आठवड्यांनी कात टाकतात, हे बरोबर. पण पूर्ण वाढ झालेला सापही वर्षातून काही वेळा कात टाकतोच, आणि जखम झाली किंवा भाजलं तर नेहमीपेक्षा लवकर टाकतो. कात ही कातडीची डागडुजीही असते.

आता डोळे. वागण्यातला बराचसा बदल इथूनच येतो.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला घट्ट बसलेला असतो, त्याला शास्त्रातही चष्म्याच्या अर्थाचंच नाव आहे. हा चष्मा कातडीचाच भाग. त्यामुळे कातडी बदलते तेव्हा तोही बदलतो आणि उरलेल्या अंगासारखाच मधे द्रव साचून गढूळ होतो. साप पूर्ण आंधळा होत नाही, उजेड आणि सावली त्याला कळते. पण वाफ धरलेल्या काचेतून पाहिल्यासारखं. एखादी आकृती जवळ येतेय एवढं समजतं, ती माणसाची की मांजराची हे समजत नाही.

या चष्म्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या केव्हिन व्हॅन डूर्न आणि जेकब सिव्हॅक यांनी २०१३ मध्ये कोचव्हिप नावाच्या अमेरिकन सापांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांना असं दिसलं की धोका जाणवला की साप या वाहिन्यांतलं रक्त थांबवतो, म्हणजे नजरेच्या आड रक्त येत नाही आणि समोरचं स्वच्छ दिसतं. मात्र कातडी नवी होत असताना रक्त जोरात आणि सलग वाहत राहतं. मला हे वाचून केशरबद्दल फार काही उमगलं. एरवी संकट आलं की ज्या जनावराला नजर धारदार करता येते, त्याच्या हातून नेमकं तेच काढून घेतलेलं असतं, कारण नवा चष्मा घडवायला रक्त लागतं.

म्हणून तो लपतो. म्हणून कधी नाही ते फुसकारतो, मान मागे घेतो, एखाद्या वेळी तोंड मारतो. त्याचा स्वभाव बदललेला नसतो, तुमच्यावर रागही नसतो. वरून उतरणारा हात त्याला ओळखू येत नाही. जिभेने वास टिपण्याची त्याची शक्ती शाबूत असते, पण हात अंगाशी येईपर्यंत वास घ्यायला वेळच मिळत नाही. बॉल पायथन या घरात पाळल्या जाणाऱ्या लहान अजगराला ओठांवरच्या खाचांनी समोरच्या अंगाची ऊब कळते, कॉर्न स्नेककडे तेही साधन नाही.

केशरचं वेळापत्रक आता मला पाठ झालंय. सुरुवातीला रंग उतरतो आणि पोटाखालचे काळे-पांढरे चौकोन धुरकट होतात. त्याच दिवसांत ती लपणाबाहेर यायची कमी होते. कॉर्न स्नेक मुळातच संध्याकाळी आणि रात्री हिंडणारा साप. एरवी दिवे मालवले की दहा मिनिटांत तिचं डोकं बाहेर आलेलं असतं, या दिवसांत रात्र उलटते तरी येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे निळे होतात. पुढचे तीन-चार दिवस ती दगडासारखी पडून असते. मग सातव्या-आठव्या दिवशी डोळे पुन्हा स्वच्छ होतात.

इथेच नवे लोक हमखास फसतात. डोळे स्वच्छ झाले, रंगही थोडा परतला, पण कात काही दिसत नाही. मग वाटतं की कात आली आणि तशीच जिरली, किंवा आपल्या नकळत पडून गेली. म्हणून सापाला बाहेर काढतात, खाऊ घालायला जातात. खरं तर मधला द्रव शोषला गेलेला असतो, इतकंच. जुनी कातडी अजून अंगावरच असते आणि खालून सुटी झालेली असते. कात पडायला यापुढे तीन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो. माझ्या मते सापाला सगळ्यात जास्त जपायचे दिवस हेच. तो बरा दिसतो आणि त्यामुळेच लोक हात लावतात.

याच टप्प्यावर त्याची चाल एकदम पालटते. आठवडाभर निपचित पडलेला साप आता रात्रभर फिरतो, कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसतो, पाण्याच्या भांड्याच्या कडेला, फांदीला, दगडाला थोबाड घासतो. त्याला खरखरीत काहीतरी हवं असतं. पेटीत नुसती काच आणि गुळगुळीत प्लॅस्टिक असेल तर तो नाक काचेवरच घासत बसतो. झाडाची साल असलेलं एक जाड लाकूड आणि एक ओबडधोबड दगड, एवढ्याने काम होतं.

प्रत्यक्ष कात टाकताना पाहायचा योग फार थोड्यांना येतो. मला एकदाच आला, पहाटे पाच वाजता. केशरने वरचा ओठ लाकडाच्या सालीत अडकवला आणि डोकं पुढे ढकललं. ओठाच्या कडेपासून पातळ पापुद्रा उलटा वळला, जसा पायमोजा वरच्या कडेला धरून उलटा काढतो तसा. दोन्ही चष्मे त्या पापुद्र्यात निघून मागे गेले आणि आतून असे काळेभोर, ओले चकचकीत डोळे आले की मी श्वास रोखून धरला. पुढे ती नुसती चालत राहिली. लाकूड आणि दगडाच्या फटीतून पुढे सरकत गेली आणि कात तिच्या मागे जागच्या जागी उलटी होत राहिली. कोरडा पाचोळा कुणी हळूच चुरावा तसा आवाज येत होता. वीस-पंचवीस मिनिटांत शेपटीचं टोकही बाहेर आलं. मुलीला उठवायला गेले असते तर शेवट चुकला असता, म्हणून गेले नाही. त्याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही.

कात पडल्यावर साप पाणी पितो, बहुधा विष्ठा टाकतो, भरपूर हिंडतो आणि त्याला कडकडून भूक लागते. आम्ही एक दिवस जाऊ देतो आणि मगच उंदीर देतो. कातीच्या आधी मात्र, रंग उतरल्यापासून कात पडेपर्यंत, देतच नाही. काही साप या दिवसांतही खातात, त्यात लगेच काही बिघडतं असं नाही. पण बहुतेक तोंड फिरवतात, आणि उबदार पेटीत मेलेला उंदीर रात्रभर राहिला तर कुजतो. मोठ्या, धडधाकट सापाला दोन आठवडे उपास काहीच नाही. आपल्याकडच्या माणसांना हे पटवणं सर्वांत अवघड जातं. समोरचा जीव जेवला नाही की आपला जीव कासावीस होतो.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती थंड देशांत राहणाऱ्या प्रत्येकाकडून होण्यासारखी आहे. केशर आमच्याकडे आली त्या पहिल्या हिवाळ्यात घरात दिवसरात्र हीटिंग चालू होतं. हीटिंगने हवा किती कोरडी होते याचा आम्ही विचारच केला नव्हता. पेटीत ऊब मोजायचं साधन होतं, ओलावा मोजायचं नव्हतं. कात तुकड्यातुकड्यांत निघाली. पाठीवर पट्टे चिकटून राहिले, शेपटीच्या टोकाला एक कडं अडकलं आणि उजव्या डोळ्याचा चष्मा आलाच नाही. डोळा सुरकुतल्यासारखा, निस्तेज दिसायचा. कुणीतरी सांगितलं की चिमट्याने ओढून काढा. आम्ही तसं केलं नाही, हे नशीबच म्हणायचं. जुन्या चष्म्याबरोबर खालचा नवाही ओढला गेला तर डोळाच जातो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाठीवरची आणि शेपटीची कात भिजवून काढली. डोळ्याला मात्र हातही लावला नाही. म्हणाले, पेटीतला ओलावा सुधारा आणि पुढच्या कातीची वाट पाहा. पाच आठवड्यांनी पुढची कात आली आणि तिच्यात त्या डोळ्याचे दोन चष्मे एकावर एक निघाले.

दोन कातड्या एकमेकींपासून सुटायला ओलावा लागतो. कॉर्न स्नेकला एरवी ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथनला त्याहून जास्त, आणि कातीच्या दिवसांत ७० टक्क्यांपर्यंत. पण सगळी पेटी दमट करून ठेवली तर तळाच्या भुशाला बुरशी येते आणि सापाच्या पोटाला फोड येतात. त्यापेक्षा झाकणाला भोक पाडलेला एक डबा घ्यायचा, त्यात पिळून काढलेलं ओलं स्फॅग्नम शेवाळ घालायचं आणि तो पेटीत ठेवून द्यायचा. सापाला वाटेल तेव्हा तो आत जाईल. केशर डोळे निळे व्हायच्या आधीच त्या डब्यात मुक्कामाला जाते. रंग बदललेला आमच्या लक्षात येण्याआधीच तिच्या डब्यात जाण्यावरून कळतं.

कात अडकलीच, तर हवेसाठी भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल घालावा आणि साप अर्धा तास त्यात ठेवावा. आपण समोर बसून राहावं. डब्याची ऊब २८ ते ३० अंश पुरे. नंतर हातात ओला टॉवेल सैल धरून त्यातून सापाला सरकू द्यावं, बहुतेक कात त्यातच राहते. ओढायची नाही. तेल लावायचं नाही, खोबरेलही नाही. कातीला पाणी हवं असतं. शेपटीवरचं कडं मात्र अंगावर तसंच राहू देऊ नका. ते आवळत जातं, रक्त थांबतं आणि टोक काळं पडून झडतं. एक-दोनदा भिजवून निघालं नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

एवढं सगळं सांगितल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. सापाचं प्रत्येक रुसणं कातीचं नसतं. पाण्यात तासन् तास बसणं हे कातीत होतं, तसंच पेटी फार तापली असेल तर होतं आणि अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे झाले असतील तरीही होतं. पाण्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले तर किडेच समजा. नर साप वसंतात जोडीदाराच्या शोधात आठवडेच्या आठवडे खात नाहीत आणि पेटीभर फिरत राहतात. तेव्हा डोळे स्वच्छ असतात आणि रंगही उजळ असतो, यावरून फरक कळतो. मादीच्या बाबतीत अंडी घालण्याआधी एक कात येते. कॉर्न स्नेक त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांत अंडी घालतो, बॉल पायथन महिनाभराने. नर कधी जवळ आलाच नसेल तरी मादी निष्फळ अंडी घालू शकते. त्यामुळे कातीनंतरही ती बेचैन असेल, उकराउकर करत असेल, तर ओल्या शेवाळाचा मोठा डबा ठेवून द्यावा.

आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, घरघर, नाकातोंडात फेस, वजन उतरणं, यांतलं काहीही दिसलं तर कातीची वाट पाहत बसू नये. एक कात पडून दोन आठवडे होतात न होतात तोच मोठा साप पुन्हा कातीवर आला, तरीही दाखवून घ्यावं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. नाग, धामण, अजगर, मांडूळ, आपल्याकडचा कुठलाही रानातला साप घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. परदेशी सापांपैकी ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन त्यांतलाच. साप आवडतो म्हणून शेतातला उचलून आणणं हे त्याच्यावर प्रेम करणं नव्हे.

पण शेतावरचा सापही कातीच्या वेळी असाच वागतो. बिळात, दगडांच्या फटीत, ओलीच्या जागी पडून राहतो. मागे सरायला त्याला दिसत नाही, त्यामुळे जवळ आलेल्या सावलीवर झेप घेतो. गावाकडे म्हणतात की कात आलेला नाग डूख धरतो. डूख नसतो तो, पण त्या दिवसांत त्याच्या वाटेला जाऊ नये हा सल्ला शंभर टक्के खरा आहे. सल्ला देणाऱ्यांनी सापाचं निरीक्षण बारकाईने केलेलं होतं, कारण फक्त वेगळं दिलं. विष त्या दिवसांतही तेवढंच असतं. घराजवळ असा साप दिसला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला १९२६ क्रमांकावर फोन करावा, स्वतः काठी घेऊन जाऊ नये.

कात पडली की आमच्या घरी पुढचं काम मुलीचं असतं. ती कात ओली असतानाच उचलते, वर्तमानपत्रावर पसरते आणि पट्टी लावते. कात नेहमी सापापेक्षा लांब भरते, कारण दोन खवल्यांमधली दुमडलेली कातडी उतरताना ताणली जाते. फेब्रुवारीतली कात १ मीटर ४२ सेंटिमीटर भरली. मग ती डोक्याकडचा भाग उजेडात धरून दोन गोल, काचेसारखे चष्मे शोधते. शेवटी शेपटीकडे येते. तिथलं टोक टाचणीच्या अग्रासारखं बंद असलं, तर मागे काही अडकलेलं नाही. त्या दिवशी दोन्ही चष्मे जागेवर होते, टोकही होतं. तिने फोटो काढून आजीला पाठवला. आजीचं उत्तर आलं, "आता खायला घाला तिला."